उत्तरेत गुलाम नव्हते म्हणे!

आमच्या ताईने सांगलीहून पाठवलेला फॉरवर्ड मला आला असता, तर नेहमीसारखा न वाचताच पुसून टाकला असता. पण तिने तो न्यू जर्सीतल्या एडिसनला, आठवीत शिकणाऱ्या नातीला पाठवला आणि खाली लिहिलं, "तुझ्या शाळेच्या प्रोजेक्टला उपयोगी पडेल." नात हुशार. तिने तो माझ्याकडे ढकलला आणि विचारलं, आजोबा, हे खरं आहे का? ताईला फोन केला तर म्हणाली, "अरे, इतक्या ग्रुपवर आलंय, खोटं कसं असेल?" आता यावर काय बोलणार? लिहायला बसलो.

फॉरवर्डचं शीर्षक आहे 'अमेरिकेच्या यशाचं दडवलेलं गुपित'. मजकूर थोडक्यात असा. अमेरिकेतल्या उत्तरेकडच्या वसाहतींनी, म्हणजे बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाच्या भागाने, गुलामी कधी स्वीकारलीच नाही. तिथली कष्टाळू कुटुंबं स्वतः नांगर धरायची, म्हणून तिथली लोकसंख्या दर २५ वर्षांनी दुप्पट झाली, आणि हे खुद्द बेंजामिन फ्रँकलिनने (अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक) लिहून ठेवलंय. आफ्रिकी माणसाला तिथली थंडी सोसत नव्हती. जे मूठभर गुलाम होते ते घरच्यासारखे राहायचे. खरे गुलाम तर आयरिश होते. आणि १७७६ साली स्वातंत्र्य मिळताच उत्तरेने सगळ्यांना सोडून दिलं. शेवटी हात जोडलेले इमोजी आणि 'खरा इतिहास पुढे पाठवा'.

फ्रँकलिनपासून सुरुवात करतो, कारण सगळा डोलारा त्याच्या नावावर उभा केलाय. लोकसंख्यावाढीवरचा त्याचा निबंध खरा आहे. त्याने तो १७५१ मध्ये लिहिला, १७५५ मध्ये तो छापून आला. अमेरिकेतल्या वसाहतींची लोकसंख्या २० ते २५ वर्षांत दुप्पट होते हा हिशेब त्यातलाच, आणि पुढे लोकसंख्येवर लिहिणाऱ्या माल्थसने तो उचलला. फ्रँकलिनने कारणही दिलंय: जमीन स्वस्त, म्हणून लग्नं लवकर, म्हणून मुलं जास्त. युरोपात एका लग्नामागे चार मुलं धरली तर इथे आठ धरावीत, असं तो म्हणतो. हिशेब बराचसा बरोबर निघाला. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे बोस्टनच्या आसपासच्या वसाहतींत, १६३० च्या दशकात वीसेक हजार इंग्रज येऊन वसले, पुढे ओघ जवळजवळ आटला, तरी १७०० पर्यंत तिथली वस्ती ९० हजारांच्या वर गेली. ही वाढ मुख्यतः पाळण्यातूनच झाली. एवढं फॉरवर्डचं खरं आहे. नाइलाजाने कबूल करतो.

पण ज्याने कुणी हे लिहिलं त्याने निबंध उघडलेला दिसत नाही. उत्तरेकडच्या वसाहतींमध्ये गुलाम थोडे आहेत, त्यामुळे तिथे गोरे वाढतात, असं एक वाक्य त्यात आहे. 'थोडे आहेत' याचं 'कधीच नव्हते' कुणी केलं, आणि त्यातले 'गोरे' कुठे गायब झाले? बरं, त्याच निबंधात फ्रँकलिन स्वतःच एक प्रश्न उभा करतो. इंग्लंडातल्या मजुरापेक्षा इथे गुलाम महाग पडतो, असा हिशेब तो मांडतो, आणि विचारतो, मग अमेरिकेतले लोक गुलाम विकत घेतात कशाला? त्याचं उत्तर असं: गुलामाला हवं तितके दिवस ठेवून घेता येतं. पगारी गडी ऐन कामाच्या वेळी सोडून जातो आणि स्वतःचा संसार, स्वतःचा धंदा मांडतो.

माझ्या मते सगळा निकाल इथेच लागतो. ज्या स्वस्त जमिनीमुळे गोऱ्यांची घरं मुलाबाळांनी भरली, त्याच स्वस्त जमिनीमुळे गडीमाणूस टिकेना, आणि टिकेना म्हणून पळून जाऊ न शकणारा माणूस हवा झाला. भरभरून वाढणारी कुटुंबं आणि गुलामाची गरज, दोन्हींचं मूळ एक. फॉरवर्ड त्यांना एकमेकांच्या विरोधात उभं करतो.

हे फ्रँकलिनला पहिल्यांदा सुचलं असंही नाही. त्याच्या शंभर वर्षं आधी, १६४५ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या इमॅन्युएल डाउनिंगने आपल्या मेहुण्याला, म्हणजे तिथल्या वसाहतीचा म्होरक्या जॉन विन्थ्रॉप याला, पत्र लिहिलं. सगळं काम उरकण्याइतके गुलाम मिळाल्याशिवाय आपली भरभराट कशी होणार ते मला दिसत नाही, असं त्यात आहे. कारण हा एवढा मोठा मुलूख माणसांनी भरलेला आपल्या नातवंडांनाही दिसणं कठीण, तोवर आपले नोकर स्वतःची जमीन करायला मोकळे होऊ पाहणार, आणि राहिलेच तर वाटेल तो पगार मागणार. एका इंग्रज नोकराच्या खर्चात वीस आफ्रिकी पोसता येतील, हा हिशेबही त्याने मांडलाय. पुढचं वाचताना मला दोनदा थांबावं लागलं. नॅरागॅन्सेट या तिथल्या मूळ लोकांशी 'न्याय्य युद्ध' झालं आणि देवाने ते आपल्या हाती दिले, तर त्यांचे पुरुष, बायका, मुलं देऊन बदल्यात आफ्रिकी गुलाम घेता येतील, असं हा धर्मनिष्ठ गृहस्थ सुचवतो. हवेतली गोष्ट नव्हती. १६३८ मध्ये 'डिझायर' नावाच्या जहाजाने पीक्वॉट या मूळ लोकांशी झालेल्या लढाईतले कैदी कॅरिबियन बेटांवर नेऊन विकले होते आणि परत येताना आफ्रिकी माणसं बोस्टनला आणली होती. (लंडनच्या ज्या डाउनिंग स्ट्रीटवर ब्रिटनचे पंतप्रधान राहतात, तिला याच इमॅन्युएलच्या मुलाचं नाव आहे. जाता जाता सांगितलं.)

'कधी स्वीकारलीच नाही' यावर आता फार शब्द खर्च करत नाही. गुलामीला कायद्यात जागा देणारी उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवरची पहिली इंग्रज वसाहत मॅसॅच्युसेट्स. साल १६४१, व्हर्जिनियाच्या वीसेक वर्षं आधी. न्यूयॉर्क तेव्हा डचांचं होतं आणि डच कंपनीने तिथे १६२० च्या दशकातच गुलाम आणले होते. वॉल स्ट्रीटवर १७११ पासून गुलामांचा बाजार भरायचा. त्या शहरात १७०३ मध्ये दर दहा घरांपैकी चार घरांत गुलाम होता. ऱ्होड आयलंडच्या जहाजांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नऊशेच्या वर फेऱ्या केल्या आणि एक लाखाहून जास्त माणसं उचलून आणली. आणि ताईची नात जिथे राहते त्या न्यू जर्सीत, इंग्रजांचा अंमल सुरू झाला तेव्हाच वसाहतीच्या मालकांनी जाहीर केलं की गुलाम घेऊन येणाऱ्याला डोईमागे जादा जमीन मिळेल. वस्ती वाढवायची ती अशी. एडिसनच्या जवळचं पर्थ अॅम्बॉय हे गुलाम उतरवायचं बंदर होतं.

आकडेच हवे असतील तर हे घ्या. इतिहासकारांच्या अंदाजानुसार १७०० साली न्यू इंग्लंडपासून डेलावेअरपर्यंतच्या पट्ट्यात सव्वापाच हजारांच्या आसपास काळे लोक होते. १७७० मध्ये ते पन्नास हजारांच्या घरात गेले, आणि त्यातले बहुतेक सगळे गुलाम. त्याच काळात तिथली एकूण वस्ती सुमारे दीड लाखावरून अकरा लाखांवर गेली. म्हणजे एकूण वस्ती जवळपास आठपट, आणि काळ्यांची संख्या नऊपटीहून जास्त. दक्षिणेच्या मानाने हे कमीच, तिथे दर दहा माणसांत चार गुलाम होते आणि इथे शंभरात चार-पाच. पण सरासरी फसवी असते. १७९० च्या पहिल्या जनगणनेत आजच्या ब्रुकलिनच्या जागी असलेल्या किंग्ज काउंटीत साडेचार हजार माणसांपैकी चौदाशेहून जास्त गुलाम सापडले. न्यू जर्सीच्या बर्गन काउंटीत जवळपास पाचात एक.

फ्रँकलिनच्या घरातही गुलाम होते. त्याच्या वर्तमानपत्रात गुलामविक्रीच्या जाहिराती छापून यायच्या. म्हातारपणी तो गुलामीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला आणि १७९० मध्ये त्याच्या सहीचा अर्ज काँग्रेसपुढे गेला, हेही सांगायला हवं. पण 'गुलामीविना वाढलेल्या उत्तरेचा' साक्षीदार म्हणून याच माणसाला उभं करायचं?

आता तो मुद्दा, ज्यासाठी मी मुळात बसलो. 'घरच्यासारखे राहायचे.'

एकाच छपराखाली राहायचे, हे खरं. दक्षिणेसारखे शे-दोनशे गुलामांचे मळे उत्तरेत फारसे नव्हते, एका घरात एक किंवा दोन गुलाम. झोपायला माळा, तळघर नाहीतर स्वयंपाकघराचा कोपरा. यातूनच 'घरच्यासारखे' ही भाषा येते. पण याचा दुसरा अर्थ लक्षात घ्या. नवरा एका मालकाकडे, बायको दुसऱ्याकडे, कधी दुसऱ्याच गावात. शेजारी आपल्या भाषेतलं माणूस नाही. आणि मूल झालं तर?

न्यू हॅम्पशायरचा इतिहास लिहिणारा जेरेमी बेलनॅप हा पाद्री होता, स्वतः मॅसॅच्युसेट्समधलाच, तिथल्या लोकांना बरं म्हणण्यात त्याला रस होता. व्हर्जिनियाच्या एका न्यायाधीशाने त्याला तुमच्याकडची गुलामी कशी होती आणि कशी संपली हे विचारलं, तेव्हा १७९५ मध्ये त्याने लिहून कळवलं की काळ्यांची मुलं घरात अडगळ समजली जायची आणि अंगावरचं दूध सुटलं की कुत्र्याच्या पिलांसारखी देऊन टाकली जायची. फुकट देणे आहे, अशा जाहिराती वर्तमानपत्रांत यायच्या, हेही त्यानेच सांगितलंय. मालकाच्या बाजूने बघितलं तर यात नवल नाही. तंबाखूच्या मळ्यावर गुलामाचं मूल म्हणजे उद्याचा मजूर. बोस्टनच्या व्यापाऱ्याच्या घरात तेच मूल म्हणजे आईच्या कामाचा खोळंबा आणि खाणारं एक तोंड. म्हणून जास्त मुलं होणारी बाई विकायला निघायची, आणि तसं जाहिरातीत लिहिलेलंही असायचं.

आता फॉरवर्डमधली लोकसंख्या परत आठवा. गोऱ्या घरात आठ मुलं, देवाची कृपा. त्याच घराच्या माळ्यावरच्या बाईचं मूल, अडगळ. 'उत्तरेत गुलाम थोडेच होते' हे वाक्य दयाळूपणाचा दाखला म्हणून फिरवलं जातं, तेव्हा ते थोडे का राहिले याचं एक कारण हेही होतं, हे कुणी सांगत नाही. मरणारे फार, जन्म नकोसे. मग कमी पडले की पुन्हा जहाज. साठच्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे १७६० च्या, सात वर्षांच्या युद्धात फिलाडेल्फियातले करारावरचे गोरे नोकर सैन्यात भरती होऊ लागले, तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनी थेट आफ्रिकेहून माणसं मागवली. युद्ध संपलं, युरोपातून नोकर पुन्हा मिळू लागले, मागणी ओसरली. दया वगैरे कुठे आली यात?

व्हेंचर स्मिथ नावाच्या माणसाची हकीकत ताईने वाचावी असं मला फार वाटतं. लहानपणी आफ्रिकेतून पकडून आणला, कनेक्टिकट आणि आसपासच्या बेटांवर वाढला, मालक बदलत गेले. रात्री-बेरात्री जादा कामं करून, पैसे पुरून ठेवून, १७६५ मध्ये त्याने ७१ पौंड २ शिलिंगांना स्वतःला विकत घेतलं. मग लाकडं तोडून, मासे पकडून दोन मुलगे विकत घेतले. मग बायको मेग. तिला सोडवताना तो काय हिशेब करतो बघा: ती गरोदर होती, म्हणून आताच घेतली, नाहीतर आणखी एक मूल विकत घ्यावं लागलं असतं. १७९८ मध्ये छापलेल्या त्याच्या आत्मकथनात हे त्याने अगदी सरळ, रोजखर्च लिहावा तसं सांगितलंय. न्यूयॉर्कने १७०६ मध्येच कायदा केला होता की मूल आईच्या स्थितीत जन्मतं, आई गुलाम तर मूल गुलाम. कनेक्टिकटातही व्यवहार तोच. आपलंच मूल जन्मायच्या आत विकत घेण्याची धावपळ करणारा बाप. घरच्यासारखा!

न्यूयॉर्कचं विचाराल तर १७१२ मध्ये तिथल्या गुलामांनी उठाव केला, नऊ गोरे मारले गेले, आणि २१ जणांना देहान्त शासन झालं, काहींना जाळून. १७४१ मध्ये आगी लागल्या, कटाचा संशय आला, आणि त्या घबराटीत तीस काळ्यांना आणि चार गोऱ्यांना मारलं. तेव्हा शहरात पाचातला एक माणूस गुलाम होता. अंधार पडल्यावर कंदील घेतल्याशिवाय त्यांना रस्त्यावर फिरायची बंदी. प्रेतयात्रा दिवसाउजेडीच, आणि पुढे तर बाराहून जास्त माणसं नकोत असा नियम. १९९१ मध्ये मॅनहॅटनमध्ये एका सरकारी इमारतीचा पाया खणताना या लोकांचं जुनं दफनस्थान पुन्हा वर आलं. ४१९ जणांचे सांगाडे निघाले, एकूण पंधरा हजारांच्या आसपास माणसं तिथे पुरली असावीत असा अंदाज आहे. अभ्यासकांना त्या हाडांत ओझी वाहून झालेल्या इजा दिसल्या, कुपोषण दिसलं, आणि सापडलेल्यांत चाळीस टक्क्यांहून जास्त लहान मुलं होती. आज तिथे राष्ट्रीय स्मारक आहे. न्यूयॉर्क फिरून आलेल्या आपल्यातल्या किती जणांच्या फोटोत ते असतं, हा वेगळा विषय.

थंडीचा मुद्दा. थंडी सोसत नसती तर इतकी वर्षं पैसे घालून माणसं आणली कशाला असती? उत्तरेत मोठे मळे नव्हते कारण तिथे ऊस, भात, तंबाखू यांसारखं वर्षभर माणसं राबवून पैसा देणारं पीक फारसं निघत नव्हतं, एवढ्यापुरता हवामानाचा संबंध खरा. जिथे मोठी शेती जमली तिथे थंडीतही गुलाम होतेच. ऱ्होड आयलंडच्या नॅरागॅन्सेट भागात घोडे आणि चीज यांचा मोठा व्यापार. १७३० मध्ये तिथल्या साउथ किंग्जटाउनात ९६५ गोरे आणि ३३३ काळे होते.

बाकी 'स्वतःच्या कष्टावर' वाढले म्हणणाऱ्यांनी ती आठ मुलं काय खाऊन वाढली तेही बघावं. १६४७ मध्ये बार्बाडोसहून रिचर्ड व्हाइन्सने विन्थ्रॉपला कळवलं होतं की इथले लोक उसाच्या मागे इतके लागलेत की अन्न पिकवण्यापेक्षा वाटेल त्या भावाने विकत घेतील. न्यू इंग्लंडने हे बरोबर हेरलं. चांगला कॉड मासा युरोपला आणि खराब, तुटका, खारवलेला मासा बेटांवरच्या गुलामांना. सोबत लाकूड, घोडे, पिठं. परत येताना काकवी, तिची रम, आणि रम पुन्हा आफ्रिकेला. बेटांवरचे गुलाम इतके मरत होते की जन्मापेक्षा मृत्यू जास्त आणि आफ्रिकेहून सतत भर घालावी लागते, असं तोच फ्रँकलिन त्याच निबंधात लिहून गेलाय. बोस्टन आणि न्यूपोर्टची गोदी या व्यापारावर उभी राहिली. शेतकऱ्याच्या घरात गुलाम नसेल, पण त्याचा घोडा बार्बाडोसच्या उसाच्या चरकाला जुंपलेला होता.

आयरिशांबद्दल दोनच ओळी, कारण जास्तीची लायकी नाही त्या मुद्द्याची. आयरिश, इंग्रज, जर्मन करारावरचे नोकर होते, हाल झाले, कित्येक मेले, काहींना जबरदस्तीने आणलं. पण करार बहुधा चार ते सात वर्षांचा, आणि त्यांच्या पोटची मुलं कुणाच्या मालकीची नव्हती.

राहिलं १७७६. त्या वर्षी उत्तरेत एकही वसाहत गुलाममुक्त झाली नाही. व्हर्माँटने १७७७ मध्ये आपल्या राज्यघटनेत बंदी घातली, पण स्वातंत्र्य जाहीर करणाऱ्या तेरा वसाहतींत ते तेव्हा नव्हतंच. मॅसॅच्युसेट्समध्ये कुणी कुणाला 'सोडून' दिलं नाही. एलिझाबेथ फ्रीमन नावाची गुलाम बाई १७८१ मध्ये वकील गाठून कोर्टात गेली आणि सुटली. क्वॉक वॉकरचा खटला १७८३ पर्यंत चालला, आणि त्यानंतर तिथली गुलामी मोडली. पेनसिल्वेनियाचा १७८० चा कायदा जुन्या गुलामांना हातही लावत नाही, पुढे जन्मणाऱ्यांनी वयाच्या २८ व्या वर्षापर्यंत राबायचं. न्यूयॉर्कने १७९९ मध्ये असाच कायदा केला, तिथली गुलामी संपायला १८२७ उजाडलं.

आणि न्यू जर्सी. १७९० मध्ये तिथे ११,४२३ गुलाम, १८०० मध्ये १२,४२२. संपत नव्हते, वाढत होते. १८०४ च्या कायद्याने त्यानंतर जन्मलेल्या मुली २१ व्या आणि मुलगे २५ व्या वर्षी मोकळे होणार असं ठरलं. तेवढाही धीर नसलेल्या मालकांनी वेगळी वाट काढली. एडिसन ज्या मिडलसेक्स काउंटीत आहे, तिथला न्यायाधीश जेकब व्हॅन विकल याने १८१८ मध्ये शंभरावर काळी माणसं दक्षिणेतल्या लुइझियानाला पाठवण्याच्या कागदांवर शिक्के मारले. राज्याबाहेर न्यायला त्या व्यक्तीची संमती लागायची, तेव्हा तान्ह्या मुलांच्या नावापुढेही कागद पूर्ण केले गेले. १८४६ मध्ये राज्याने गुलामी रद्द केली असं म्हणतात. उरलेल्यांना 'जन्मभराचे उमेदवार', म्हणजे शिकाऊ कामगार, असं नाव दिलं, आणि १८६० च्या जनगणनेत असे अठरा जण नोंदले गेले. देशभरातली गुलामी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती न्यू जर्सीच्या विधिमंडळाने १८६५ मध्ये फेटाळली. डिसेंबरात ती इतर राज्यांच्या मतांवर लागू झाली, त्यानंतर जानेवारी १८६६ मध्ये न्यू जर्सीने आपला होकार कळवला.